दोन स्टेशनं आधी

४ जून

बोरू,

फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मागून कुणीतरी तुला हाक मारतं, म्हणून पत्रच लिहायला घेतलंय. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर मला चिठ्ठ्या लिहायचास, तेव्हा तुझ्या मनातलं सगळं कळायचं. आता मंत्र्याची भाषणं लिहितोस, पण माझ्यासाठी बोरू तो बोरूच.

काल दुपारी लसीकरण आटोपून आम्ही सगळे केंद्राच्या बाहेरच्या बाकांवर टीव्हीसमोर बसलो होतो. तुझ्या साहेबांचं भाषण चालू होतं. “लोकांना उन्हात उभं करून मी सावलीतून जाणार नाही. आजपासून मी विमानात पाऊल ठेवणार नाही. साध्या गाडीच्या साध्या डब्यातून फिरेन.” हे वाक्य कुणाचं, ते मला सांगायला लागलं नाही. मी ताडकन उठून म्हटलं, “हे माझ्या भावानं लिहिलंय!” आमचा औषधं देणारा लगेच म्हणाला, “मग आजचा चहा तुमच्याकडून, सिस्टर.” पाजला. बाईसाहेबांची छाती तेव्हा एवढी फुगली होती की दोन कप जास्त सांगितले.

आता कामाचं. वरून काटकसरीचं परिपत्रक आलंय, देशावर अवघड वेळ आहे म्हणून प्रत्येक कार्यालयानं आपली एक गाडी स्वखुशीनं सोडावी. आमच्याकडे गाड्या दोनच. एक रुग्णवाहिका आणि एक ती जुनी जीप, वरच्या वस्तीवर जाणारी. डॉक्टर म्हणतात, ‘स्वखुशीनं’ लिहिलंय ना, मग नाही म्हणून कळवू. मला ते पटत नाही. मंत्री स्वतःचं विमान सोडतो आणि आपण एक खटारा सोडायचा नाही? अठरा तारखेला, गुरुवारी, बैठक आहे.

तू त्या माणसाच्या मागे-पुढे असतोस. मला खरं सांग, तो मनापासून बोलतोय ना? तू हो म्हणालास तर मी हात वर करेन.

तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतोय, बाकी ठीक.

ताई


११ जून

ताई,

पत्र मिळालं. इतकं बरं वाटलं की दोनदा वाचलं. ते वाक्य माझंच. तू ओळखणार हे मला ठाऊक होतं.

इथं कामाला अंत नाही. सकाळी एका गावचं भाषण, दुपारी दुसऱ्या गावचं. साहेब वाचतात, दोन शब्द खोडतात, तिसरा घालतात आणि म्हणतात, “हे बघ, आता कसं पोटातून आलं.” लोकांसमोर बोलताना त्यांचे डोळे भरून येतात. हे मी अगदी जवळून पाहिलंय, उगाच सांगत नाही.

तू विचारलंस, मनापासून बोलतात का. बोलतात, ताई. बोललेलं सगळं त्याच दिवशी अमलात येतं असं नाही, राज्यकारभारात शंभर अडचणी असतात. पण दिशा बरोबर आहे. जीपचं तुम्ही तुमच्या सोयीनं ठरवा. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, साहेबांच्या शब्दावर जा.

भाऊजींना म्हणावं गुडघा शेकत जा.

बोरू


२४ जून

बोरू,

तुझ्या पत्राचा कागद वरून कात्रीनं कापलेला होता. मी ह्यांना दाखवला आणि म्हटलं, बघा, कोऱ्या कागदाचा तुकडासुद्धा फुकट घालवत नाही. काटकसर ह्याच्याही अंगात मुरलेली दिसते. कागद मात्र काय गुळगुळीत! सरकारी कचेरीत असा कागद येतो म्हणजे तुमची चैन आहे.

गुरुवारची बैठक झाली. डॉक्टरांनी परिपत्रक वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.  शेवटी जीपचे ड्रायव्हरकाका म्हणाले, “सिस्टर, वरच्या वस्तीचं काय?” मी म्हटलं, “मी चालत जाईन. मंत्री साध्या डब्यातून हिंडतो, मला दीड तास चालायला काय धाड भरलीय?” सगळे हसले. मग मी तुझं पत्र काढलं आणि ते ‘डोळे भरून येतात’ एवढंच वाचून दाखवलं. एकेक हात वर झाला. डॉक्टरांचा सगळ्यात शेवटी. म्हणाले, “तुम्ही हमी देताय म्हणून, सिस्टर.”

जीप सोमवारी गेली. काकांची बदली डेपोत झाली, तिथं ते नुसते बसून असतात म्हणे. जाताना त्यांनी जीपची काच पुसली. पुसून कुणाला द्यायची होती कोण जाणे.

आणि ऐक! साहेब तीन जुलैला सकाळच्या गाडीनं आपल्याकडे येतायत. स्टेशनवर सगळं केंद्र जाणार आहे. तूही असशील ना बरोबर? वरच्या वस्तीवरून शिलाईमावशीसुद्धा येणार म्हणतायत. शहरात निघालास तेव्हा तुझी पहिली लांब पँट त्यांनी शिवली होती. अजून विचारतात, “पोराची उंची आणखी वाढली का गं?”

ताई


२७ जून

ताई,

घाईत लिहितोय. तीन तारखेला तू स्टेशनवर येऊ नकोस. गर्दी असेल, पोलीस असतील, ऊन असेल. मला तुझ्याशी दोन शब्दही बोलता येणार नाहीत आणि तुला वाईट वाटेल. मावशींनाही वरून एवढं खाली आणू नकोस, त्यांचं वय झालं.

मी नंतर सवडीनं घरी येईन. नक्की येईन.

बोरू


५ जुलै

बोरू,

नको म्हणालास तरी आलेच. मी तुझं ऐकणार असं तुला वाटलंच कसं?

पाहिलं मी सगळं. गाडी थांबली, साहेब साध्या डब्यातून उतरले, खांद्याला कापडी पिशवी. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी पुढं घुसले आणि सांगितलं, “मी तुमचं भाषण लिहिणाऱ्याची बहीण.” त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, “तुमचा भाऊ म्हणजे माझा उजवा हात आहे.” डोळे खरंच भरून आले त्यांचे. मावशी मागून म्हणाल्या, “अकरा तासांचा प्रवास आणि शर्टाची इस्त्री जशीच्या तशी. कापड कुठलं ते विचार गं.” शिवणारी बाई, दुसरं काय बघणार!

तू मागच्या डब्यातून उतरलास. मी हात केला. तू पाहिलंस आणि फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलास. चेहरा ओढलेला होता. वेळेवर जेवत नाहीस, दुसरं काय. मी ह्यांना म्हटलं, कामाचा ताण फार आहे पोराला. हे म्हणाले, “ताण आहे, पण कामाचा दिसत नाही.” ह्यांना काय कळतं.

आता मी आठवड्यातून तीनदा वरच्या वस्तीवर चालत जाते. पहिल्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या, आता सवय होतेय. रागावले नाहीये तुझ्यावर. पत्र मात्र पाठव.

ताई


२ सप्टेंबर

बोरू,

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. माझंही लिहिणं राहिलं. आज लिहिणं भाग आहे.

तेवीस ऑगस्टला सकाळी दहाच्या सुमाराला शिलाईमावशींची मुलगी वस्तीवरून धावत केंद्रात आली. मावशी मशीनवर बसल्या होत्या, शाळेच्या कपड्यांचं काम चालू होतं. बोलता बोलता त्यांचं तोंड वाकडं झालं आणि उजवा हात गळून पडला. रुग्णवाहिका तासाभरापूर्वीच एका पडलेल्या गवंड्याला घेऊन मोठ्या इस्पितळात गेली होती. डॉक्टर मला म्हणाले, “जीप—”

मी पिशवी उचलून निघाले. जेवढं पळवलं तेवढं पळाले. वर पोचले तर मावशी जमिनीवर, मशीनच्या सुईत दोरा तसाच, आणि माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला बघतायत. नुसता आवाज यायचा. चार जणांनी खाटेवर घालून खाली आणलं. उतारावर दोनदा थांबावं लागलं. रुग्णवाहिका परत आल्यावर निघालो, मोठ्या इस्पितळात पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. तिथले डॉक्टर माझ्यावर ओरडले, “तीन-चार तासांत आणलं असतं तर औषध देता आलं असतं. तुम्ही नर्स ना? तुम्हाला कळत नाही?”

मावशी जगल्या. बोलणं थोडं थोडं सुधारतंय. उजवा हात गेला. कात्री बोटांत ठेवली तर खाली पडते.

बाहेर बाकावर त्यांची मुलगी मला विचारत होती, “सिस्टर, जीप का हो दिलीत?” मी तिला सांगितलं की देशावर अवघड वेळ आहे, मंत्रीसुद्धा साध्या डब्यातून फिरतायत. ती उठून आत आईजवळ गेली.

एकच कर. साहेबांच्या कानावर घाल आणि आमची जीप परत मिळवून दे. बाकी काही मागत नाही.

ताई


१२ सप्टेंबर

ताई,

हे पत्र मी पाच वेळा सुरू केलं. दुसऱ्याच्या तोंडी घालायला मला पाहिजे तेवढे शब्द सापडतात. स्वतःचं सांगायचं तर हात चालत नाही.

साहेब आपल्या गावाला अकरा तास गाडीनं आले नाहीत. आम्ही खासगी विमानानं मोठ्या शहरापर्यंत आलो. तिथून गार मोटारीनं तुझ्या स्टेशनच्या दोन स्टेशनं आधीपर्यंत. तिथं गाडी जास्तीची सात मिनिटं थांबवली होती. एक डबा आधीच रिकामा करून ठेवला होता. कापडी पिशवीत वर्तमानपत्रांचे बोळे भरले होते, फुगलेली दिसावी म्हणून. मावशींनी इस्त्री बरोबर ओळखली. शर्ट साहेबांनी मोटारीतच बदलला होता. तुला येऊ नको म्हटलं ते ह्यासाठी. ऊन आणि पोलीस हे निमित्त.

आणि तो कापलेला कागद. वर हॉटेलचं नाव छापलेलं होतं. तू विचारलंस, मनापासून बोलतात का, त्याचं उत्तर लिहिताना मी समुद्राकाठच्या खोलीत बसलो होतो आणि त्याच्या दोनच तास आधी विमानातून उतरलो होतो. ‘साहेबांच्या शब्दावर जा’ असं लिहिलं, म्हणजे उद्या काही झालं तर माझ्यावर येऊ नये. इतका हिशोबी झालोय मी. तुझ्याशीसुद्धा.

तेवीस ऑगस्टला सकाळी दहा वाजता मी कुठं होतो, तेही सांगतो. विमानात. त्यात पलंग असतो, ताई. साहेब झोपले होते आणि मी ‘सार्वजनिक जीवनातला साधेपणा’ ह्या विषयावर त्यांचं भाषण लिहीत होतो. विरोधी पक्षाचे ते मोठ्या आवाजाचे नेते पलीकडच्या खुर्चीत होते. चारच दिवसांपूर्वी सभागृहात त्यांनी ह्याच विमानावरून कागद फडकवले होते. आम्ही निघतोय कळल्यावर त्यांनी निरोप धाडला, जागा असेल तर मीही येतो. मला म्हणाले, “आमच्यासाठीही एखादं असं वाक्य लिहा की. उन्हा-सावलीचं.” दोघं हसले. मीही हसलो. ते हसू माझ्या तोंडातून जात नाही.

तुझं पत्र आल्यावर जीपचं बोललो. साहेब म्हणाले, “त्यांनी स्वखुशीनं दिली ना? मग परत देणं म्हणजे त्यांच्या त्यागाचा अपमान.” मग म्हणाले, “ती चालत जाणारी नर्स मात्र छान आहे. रविवारच्या भाषणात घाल.”

मी घातलं, ताई. ‘डोंगर चढणारी एक भगिनी.’ मावशींचं वगळलं आणि तुझं चालणं घेतलं. आज शनिवार आहे. हे पत्र तुला मिळेल तोवर तू ते ऐकलेलंही असशील.

माफ कर असं लिहायला धजत नाही.

बोरू


२४ सप्टेंबर

बोरू,

रविवारी ऐकलं. केंद्रातच ऐकलं, सगळ्यांबरोबर. भाषण संपल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि औषधं देणारा टाळ्या वाजवायला लागला. मी उठून आत गेले आणि पट्ट्यांचं कपाट लावत बसले. तेव्हा तुझं पत्र आलं नव्हतं. 

मंगळवारी पत्र आलं. त्या दिवशी मी जेवले नाही. ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी वाचून घडी घातली आणि एवढंच म्हणाले, “आता तू काय करणार?” तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

साहेबाचा मला राग येत नाही म्हटलं तर खोटं होईल, पण त्याच्यासारखे येतात आणि जातात. मला माझी लाज वाटतेय. डॉक्टर नको म्हणत होते. काका विचारत होते. मी तुझ्या पत्रातला तुकडा वाचून सगळ्यांची तोंडं बंद केली. कशासाठी? माझा भाऊ मोठ्या माणसाजवळ असतो हे मिरवायला. दीड तास चालेन म्हणाले तेव्हासुद्धा लोक ऐकतायत हे माझ्या ध्यानात होतं.

बुधवारी बैठकीत सगळं सांगितलं. पत्र वाचत असताना डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला.  मग मावशींकडे गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, मशीनवर चादर टाकलेली. मी खाली बसून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि अडखळत विचारलं, “पोराला... ठाऊक होतं?” मी म्हटलं, “होतं.” त्यांनी मान भिंतीकडे वळवली.  मी निघाले तरी त्यांनी पाहिलं नाही.

काल एक वार्ताहर आली होती, ‘डोंगर चढणाऱ्या भगिनी’चा फोटो काढायला. मी तिला मावशींच्या घरी नेलं. मुलीनं आधी मावशींना विचारलं, त्या हो म्हणाल्या, मग मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. दोन स्टेशनांचंही. कुणी सांगितलं म्हणून तिनं विचारलं. तुझं नाव मी घेतलं नाही. ते घेणं माझं काम नाही.

ताई


३ ऑक्टोबर

ताई,

बातमी छापून आली त्या सकाळी साहेबांनी खोलीत बोलावलं. अजिबात चिडले नव्हते. म्हणाले, “खुलासा लिही. बाईचा गैरसमज झालाय, कामाच्या ताणानं असं होतं, आमची सहानुभूती आहे. आणि हे तूच लिही, तुला तिची भाषा ठाऊक आहे.”

मी टेबलाशी जाऊन बसलो. खोटं सांगत नाही, तीन ओळी लिहिल्या. चांगल्या जमल्या होत्या. चौथी लिहिताना ‘ही बाई’ असं लिहिलं आणि पुढं सरेना. कागद फाडला. मग त्या वार्ताहराला फोन केला. म्हटलं, ती खरं सांगतेय, मी त्या विमानात होतो, नाव छापा.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं आणि दुपारी शिपायानं माझा खण रिकामा करून पिशवी हातात दिली. जिन्यात बरोबरचे लोक भेटले, सगळे भिंतीवरच्या सूचना वाचायला लागले. साहेबांनी संध्याकाळी वार्ताहरांना सांगितलं की मला कधीचंच काढून टाकायचं होतं. विरोधी नेत्यांनी चौकशीची मागणी केली. तेही विमानात होते हे मी सांगितलं होतं, ते मात्र कुणी छापलं नाही.

ह्यात मोठेपणा काही नाही. तुझ्या वाट्याला आलं म्हणून बोललो. दुसऱ्या कुणाची बहीण असती तर खुलासा पुरा केला असता. मला ते माहीत आहे.

मी येतो.

बोरू


१९ ऑक्टोबर

बोरू,

तू आला होतास. मावशींच्या मुलीनं सांगितलं. गेल्या सोमवारी सकाळी चढ चढून आलास, कुंपणापाशी उभा राहिलास. मावशी अंगणात डाव्या हातानं कापड धरून कापायला शिकत होत्या, रेघ वाकडी जात होती. तू ते बघितलंस आणि आल्या पावली माघारी गेलास. माझ्या दारावरून गेलास आणि आतही आला नाहीस. मुलीला वाटलं तू पत्ता चुकलेला कुणी असशील. मावशींनी ओळखलं. म्हणाल्या, “उंची... तेवढीच आहे.”

इकडची खबर सांगते. गेल्या आठवड्यात एक गाडी आली. आमची नाही, दुसरीच, तिच्याहून जुनी. पत्र नाही, कुणाची सही नाही, अंगणात आणून उभी केली आणि चावी टेबलावर ठेवून माणूस निघून गेला. तिला ड्रायव्हर दिलेला नाही. डॉक्टरांनी काकांसाठी लिहिलंय. तोवर मी चालतेच आहे. आता चालताना कुणी कौतुक केलं की नको वाटतं.

तुझ्यावर माझी माया आहे का, हे तू विचारलं नाहीस. ती आहे. तिचं काय करायचं ते मला कळत नाही. रात्रंदिवस खपून तुला वाढवलं त्यात कुठं काय कमी पडलं, हे शोधत बसत नाही मी. तू मोठा माणूस आहेस, तुझं तू केलंस. माझं मी केलं.

पण कुंपणापासून परत जायचं नाही, बोरू. पुन्हा ये. माझ्याकडे आधी येऊ नकोस, मी जेवायला वाढेन आणि तू जेवून परत जाशील. सरळ वर जा. मी बरोबर येणार नाही. माझं मी एकटीनं सांगून आलेय. त्या तोंड फिरवतील, मुलगी कदाचित बोलेल काही. कुणी बस म्हणणार नाही. उभा राहा.

सकाळची गाडी साडेनऊला येते. मावशी जेवून दुपारी झोपतात, त्याच्या आत पोच.

ताई